प्रोग्रॅममधून आवाज न अडखळता कसा वाजवायचा: बफर आणि मिक्सिंग, नवख्यांसाठी

मी पहिल्यांदा आवाजाचं काही लिहिलं ते एक साधं ड्रम वाजवणारं ॲप होतं. कीबोर्डची कळ दाबली की ठोका वाजायचा, एवढंच काम. माझ्या मशीनवर ते छान चालत होतं. दुसऱ्याच्या मशीनवर कळ दाबल्यावर ठोका उशिरा यायचा. बफर, म्हणजे साउंड कार्डासाठी आधीच भरून ठेवलेला आवाजाचा साठा, लहान केला तर आवाज वेळेवर यायचा, पण मधूनच ‘टिक’ करून फुटायचा. मोठा केला की फुटणं थांबायचं आणि उशीर परत यायचा. ४०९६ आणि २५६ या दोन आकड्यांमध्ये मी तीन आठवडे येरझाऱ्या घातल्या. शेवटी कळलं की चूक बफरच्या आकारात नव्हतीच, ती दुसऱ्याच एका ओळीत होती. ती ओळ पुढे सहाव्या पायरीत सांगतो. तुमचे तीन आठवडे वाचावेत म्हणून हा लेख.

एक गोष्ट मनात पक्की धरा: साउंड कार्ड कोणासाठीही थांबत नाही. पडद्यावरची एखादी फ्रेम चुकली तर डोळा ती माफ करतो, कान मात्र दोन मिलिसेकंदांची फटही लगेच पकडतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका कारणासाठी आहेत.

जवळ काय असू द्यावं

- तारेचे हेडफोन. ब्लूटूथ हेडफोनवर लेटन्सी (सांगितल्यापासून वाजेपर्यंतचा उशीर) तपासणं म्हणजे स्वतःला फसवणं. तो स्वतःच सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांची भर घालतो.
- ऑडॅसिटीसारखा, आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारा एडिटर. कानाला ‘काहीतरी खटकतंय’ एवढंच कळतं, नेमकं कुठे ते डोळ्याला दिसतं.
- चार चाचणी फाइल: ४४१०० आणि ४८०००, या दोन्ही सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती आकडे, तो वेग), एकेक मोनो आणि एकेक स्टिरिओ. शिवाय एखादी ८ बिटची जुनी वेव्ह फाइलही शोधून ठेवा.
- एक जुनाट, मंद मशीन. नव्या मशीनवर चुका झाकल्या जातात.

१. आधी फ्रेम म्हणजे काय ते पक्कं करा

एका चॅनेलचा एका क्षणाचा आकडा म्हणजे सॅम्पल. त्याच क्षणाचे सगळ्या चॅनेलचे सॅम्पल मिळून एक फ्रेम. स्टिरिओ, १६ बिट असेल तर एक फ्रेम ४ बाइटची. ४४१०० च्या रेटने सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात.

नवख्यांची पहिली ठेच इथेच लागते, कारण प्रत्येक लायब्ररी वेगळ्या एककात बोलते. लिनक्सच्या अल्सामध्ये लिहिण्याचं फंक्शन फ्रेममध्ये संख्या मागतं. एसडीएल २ चा कॉलबॅक (आवाज हवा झाला की लायब्ररी स्वतः बोलावते ते तुमचं फंक्शन) बाइटमध्ये लांबी देतो. विंडोजच्या वासापीमध्ये बफरचा कालावधी १०० नॅनोसेकंदांच्या एककात सांगायचा, म्हणजे १० मिलिसेकंदांसाठी १,००,००० लिहायचे. बाइटच्या आकड्याला फ्रेमचा आकडा समजून भरलं तर तुम्ही बफरच्या चौपट लिहाल आणि प्रोग्रॅम कोसळेल, तेही नशीब चांगलं असेल तर. नशीब वाईट असेल तर तो चालत राहील. म्हणून व्हेरिएबलच्या नावातच एकक लिहायची सवय लावा: लांबी_फ्रेम, लांबी_बाइट. दिसायला ओबडधोबड दिसतं, पण निस्तरणं वाचतं.

त्याच ओघात आणखी दोन सापळे. वेव्ह फाइलचं हेडर नेहमी ४४ बाइटचंच असतं असं धरून चालू नका. डेटाच्या आधी इतर तुकडे असू शकतात, ते ओलांडून डेटाचा तुकडा शोधावा लागतो. नाहीतर सुरुवातीला जी ‘खर्र’ ऐकू येते ती म्हणजे तुम्ही आवाज म्हणून वाजवलेलं हेडर. दुसरा सापळा शांततेचा. १६ बिटमध्ये शांतता म्हणजे ०. वेव्हच्या ८ बिटमध्ये मात्र ती १२८ असते. ८ बिटचा बफर शून्याने भरला तर शांततेऐवजी ठोका ऐकू येतो.

२. हार्डवेअर मिक्सिंग मिळणार का, ते आधी ठरवा

इंटरनेटवर जुने लेख वाचलेत तर ‘सेकंडरी बफर हार्डवेअरमध्ये ठेवा, मिक्सिंग कार्ड करेल’ असा सल्ला हमखास सापडेल (सेकंडरी बफर म्हणजे एकेका आवाजाचा स्वतंत्र बफर, मिक्सिंग म्हणजे अनेक आवाज एकत्र मिसळणं). तो सल्ला कुठून आला हे माहीत असेल तर तो कधी मानायचा नाही हेही कळतं.

एके काळी त्यात खरंच अर्थ होता. १९८५ च्या अमिगामधली पॉला नावाची चिप ८ बिटचे चार आवाज स्वतः, प्रोसेसरला त्रास न देता वाजवायची. १९८९ च्या साउंड ब्लास्टरला डिजिटल आवाजासाठी एकच वाट होती, त्यामुळे पीसीवरच्या गेमना दोन आवाज हवे असतील तर त्यांची बेरीज प्रोसेसरकडून करून घ्यावी लागे. १९९२ मध्ये आलेल्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडने स्वतःच्या मेमरीतून ३२ आवाज मिसळून दाखवले, पण त्यात एक मेख होती: १४ आवाजांपर्यंत रेट ४४१०० राहायचा, त्यापुढे घसरत घसरत ३२ आवाजांना १९२०० वर यायचा. हार्डवेअरही फुकट काही देत नाही, ते असं. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हमध्ये ६४ आवाज मिसळणारी चिप होती. त्या काळात विंडोजच्या डायरेक्टसाउंड लायब्ररीमध्ये प्रत्येक आवाजाचा स्वतंत्र सेकंडरी बफर करायचा आणि कार्डाला झेपतील तितके तिकडे सोपवायचे, ही रीत होती.

मग विंडोज व्हिस्टा आली. तिने डायरेक्टसाउंडची हार्डवेअरकडे जाणारी वाटच काढून टाकली. जुनी फंक्शनं अजून चालतात, पण मिक्सिंग सॉफ्टवेअरमध्येच होतं आणि हार्डवेअर बफर मागितला तर मिळत नाही. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये जी ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ जातीची चिप असते ती मुख्यतः आकड्यांचा विद्युत संकेत करते. दहा ॲपचे आवाज मिसळणं तिचं काम नाही. ते विंडोजवर ऑडिओ इंजिन, लिनक्सवर पाइपवायर किंवा पल्सऑडिओ, मॅकवर कोअर ऑडिओ करतं.

लिनक्सवर हे एका मिनिटात तपासता येतं. एप्ले कमांडला डिव्हाइसची यादी मागा आणि सबडिव्हाइसचा आकडा बघा. साध्या चिपला १/१ दिसतं. साउंड ब्लास्टर लाइव्हसारख्या जुन्या कार्डाला ३२/३२ दिसतं, म्हणजे ते ३२ वेगळे प्रवाह एकाच वेळी घेऊन स्वतः मिसळू शकतं. १/१ असताना तुम्ही अल्साचं ‘एचडब्ल्यू’ डिव्हाइस थेट उघडलंत, तर तेवढा वेळ ते तुमचंच. दुसऱ्या ॲपला ‘डिव्हाइस व्यस्त आहे’ असं उत्तर मिळतं. ‘तुमचं ॲप लावलं की ब्राउझरचा आवाज जातो’ अशी तक्रार आली तर आधी इथे बघा. अल्साचं डीमिक्स प्लगइन किंवा वर सांगितलेला साउंड सर्व्हर (पाइपवायर किंवा पल्सऑडिओ) वापरलात की सगळ्यांना जागा मिळते.

तर ठरवायचं काय? माझं मत सरळ आहे. आपल्या ॲपमधले सगळे आवाज आपणच मिसळायचे आणि ऑपरेटिंग सिस्टिमला एकच स्टिरिओ प्रवाह द्यायचा. खर्चाची भीती नको. ६४ आवाज, ४८००० रेट, दोन चॅनेल धरले तरी सेकंदाला ६१ लाख ४४ हजार गुणाकार-बेरजा होतात. सेकंदाला अब्जावधी क्रिया करणाऱ्या प्रोसेसरला त्याची झळही लागत नाही. एखादं जुनं यंत्र किंवा खास एम्बेडेड बोर्ड हाताशी असेल तरच हार्डवेअरच्या आवाजांचा विचार करा. तिथेही हार्डवेअरचे आवाज कमी पडले तर काय, याचं उत्तर आधी लिहून ठेवा.

३. डिव्हाइस उघडा आणि काय मिळालं ते परत विचारा

मागितलेलं मिळतंच असं नाही. तुम्ही ४४१०० मागता, डिव्हाइस ४८००० वर चालत असतं. तुम्ही २५६ फ्रेमचा बफर मागता, मिळतो ४८० चा. उघडल्यानंतर खरा रेट, खरे चॅनेल, खरा फॉरमॅट आणि खरा बफर वाचून घ्या आणि पुढचं सगळं गणित त्यावरच करा.

हे न करणाऱ्याची चूक कानाला लगेच ओळखू येते. ४४१०० ची फाइल ४८००० वर तशीच वाजली तर ती साधारण नऊ टक्के वेगाने पळते आणि पट्टीही चढते, जवळपास दीड सेमीटोन. गाणाऱ्याने हेलियम ओढल्यासारखं ऐकू आलं तर कोड वाचत बसू नका, रेट तपासा. यावरचा उपाय म्हणजे फाइल लोड करतानाच डिव्हाइसच्या रेटमध्ये बदलून घेणं, आणि त्यासाठी तयार, चांगली रीसॅम्पलर लायब्ररी वापरणं. इथे स्वतःची हौस भागवू नका. साध्या जोडरेषेने केलेल्या रीसॅम्पलिंगमुळे वरच्या स्वरांत घाण येते.

४. बफर केवढा ठेवायचा

लेटन्सी काढणं सोपं आहे: फ्रेमची संख्या भागिले सॅम्पल रेट. ४८००० वर ६४ फ्रेम म्हणजे १.३ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७, १०२४ म्हणजे २१.३ आणि ४०९६ म्हणजे ८५.३. माझ्या ड्रमच्या ॲपमध्ये ४०९६ चे दोन बफर होते, म्हणजे १७० मिलिसेकंद. ठोका उशिरा येतो ही तक्रार खोटी नव्हती.

हे आकडे अंगवळणी पडावेत म्हणून अंतरात मोजा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरइतका. कोणाला खटकत नाही. १७० मिलिसेकंद म्हणजे स्पीकर ५८ मीटरवर. तिथे ड्रम वाजवून बघा.

कामानुसार माझे ठोकताळे असे. गाणी वाजवणाऱ्या ॲपला २०० मिलिसेकंद किंवा जास्तही चालतात. उलट तेच बरं. प्रोसेसर कमी वेळा जागा होतो आणि बॅटरी टिकते. गेमला २० ते ४०. बोट लावताच वाजायला हवं अशा वाद्याला १० किंवा त्याहून कमी. ‘जितकी कमी तितकी चांगली’ हा हट्ट सोडा. कमी लेटन्सीची किंमत असते, आणि गाणी ऐकणाऱ्याने ती मोजायचं काही कारण नाही.

आता बफरच्या आत काय चालतं ते बघू. बफर हा एक गोल रस्ता आहे आणि त्याचे तुकडे पाडलेले असतात. अल्सा त्यांना पीरियड म्हणते. कार्ड एक तुकडा वाजवत असतं, तेवढ्यात तुम्ही पुढचा भरायचा. तुकडा संपला की इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) येतो, तुम्ही जागे होता, भरता, झोपता. दोन तुकडे असतील तर तुम्हाला मिळणारा वेळ एका तुकड्याएवढा. तीन असतील तर एखाद्या वेळी उशिरा जाग आली तरी निभावतं, पण तेवढी लेटन्सी वाढते.

यात सगळे फसतात ते सरासरीला. ‘माझा मिक्सर ५१२ फ्रेम अर्ध्या मिलिसेकंदात भरतो, वेळ तर १०.७ आहे, मग आवाज फुटतो का?’ कारण सरासरी अर्धा असला तरी हजारात एकदा तो १२ लागतो, आणि त्या एकदाच टिक ऐकू येते. म्हणून मोजायचा तो वाईटात वाईट वेळ. प्रत्येक कॉलबॅकला लागलेला जास्तीत जास्त वेळ एका आकड्यात साठवा आणि तोच पडद्यावर दाखवा. उपलब्ध वेळेच्या निम्म्याच्या वर तो गेला की मी तरी बफर कमी करायचा विचार सोडतो.

५. फाइल नको, आधी साइन वेव्ह वाजवा

गाण्यात चुका लपतात. ४४० हर्ट्‌झच्या एकाच सुरात एकही लपत नाही.

बहुतेक जण पहिल्याच प्रयत्नात जी चूक करतात ती इथे बघा. प्रत्येक कॉलबॅकमध्ये फेज, म्हणजे लाट कुठवर आली ती जागा, शून्यापासून सुरू केला जातो. ४८००० वर ४४० हर्ट्‌झचं एक आवर्तन १०९.०९ फ्रेमचं असतं. ५१२ च्या बफरमध्ये ४.६९ आवर्तनं बसतात, म्हणजे बफर संपतो तेव्हा लाट मध्येच कुठेतरी असते. पुढचा बफर पुन्हा शून्यापासून सुरू झाला की लाटेला उभा कडा पडतो. असे कडे सेकंदाला ४८००० भागिले ५१२, म्हणजे ९३.७५ वेळा. त्यामुळे सुराच्या खाली एक जाडसर घरघर ऐकू येते. बफर २५६ केला की घरघर एक सप्तक वर चढते, आणि तीच चूक ओळखायची खूण: बफरचा आकार बदलल्यावर बिघाडाचा सूर बदलला, तर चूक बफरच्या सांध्यात आहे. फेज कॉलबॅकच्या बाहेर जपून ठेवा, सूर स्वच्छ होईल.

हा सूर दहा मिनिटं न फुटता वाजला की मगच पुढे जा. ऐकताना मात्र आवाज कमी ठेवा. दहा मिनिटांच्या साइन वेव्हने घरातली माणसं वैतागतात.

६. कॉलबॅकमध्ये काय करायचं नाही

माझी ती ओळ आता सांगतो. कळ दाबली की नोंद व्हावी म्हणून मी कॉलबॅकमध्ये लॉग छापत होतो. माझ्या मशीनवर टर्मिनल उघडं असायचं, छपाई पटकन व्हायची. दुसऱ्याकडे तोच लॉग फाइलमध्ये जायचा, आणि डिस्क दुसऱ्या कामात असली की ती ओळ कधी वीस, कधी चाळीस मिलिसेकंद अडकायची. तेवढ्यात कार्ड दोन-तीन तुकडे वाजवून पुढे गेलेलं असायचं. ओळ काढली, २५६ चा बफर दोन्हीकडे चालला.

कॉलबॅक ज्या थ्रेडवर चालतो तिथे असं काहीही नको ज्याला किती वेळ लागेल ते आपण सांगू शकत नाही. फाइल वाचणं, छापणं, नेटवर्क हे तर उघडच आहे. मेमरी मागणं आणि सोडणंही नको, कारण मेमरी वाटणारा आतमध्ये कुलूप लावतो. लपलेल्या मागण्यांवर लक्ष ठेवा: यादीत एक घटक घातला आणि यादी आपोआप वाढली, की तीही मेमरीची मागणीच. कचरा आपोआप गोळा करणाऱ्या भाषेत लिहीत असाल तर ऑडिओचा गाभा सी, सी++ किंवा रस्टमध्ये ठेवा, पुढची भांडणं टळतात.

म्यूटेक्सही (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) नको. इंटरफेसच्या थ्रेडने कुलूप घेतलं, त्याला सिस्टिमने बाजूला बसवलं, आणि ऑडिओचा वरच्या प्राधान्याचा थ्रेड दाराशी उभा. याला प्राधान्याची उलटापालट म्हणतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान याच दोषामुळे पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. आपलं ॲप त्यापुढे काय चीज!

मग इंटरफेसने ऑडिओला सांगायचं कसं? एक ठरावीक लांबीची रांग करा. ‘नमुना क्रमांक ३, जोर ०.८, आता वाजव’ एवढाच निरोप त्यात टाका (नमुना म्हणजे मेमरीत ठेवलेला ठोक्यासारखा छोटा आवाज). कॉलबॅक सुरुवातीला रांग रिकामी करतो आणि मग मिसळायला घेतो. एखादा आवाज संपला तर त्याची मेमरी कॉलबॅकने सोडायची नाही; ‘हा संपला’ असा उलट निरोप दुसऱ्या रांगेतून पाठवायचा आणि आवराआवर बाहेरच्याने करायची.

जाता जाता एक. कॉलबॅकमध्ये ब्रेकपॉइंट लावून डीबग करू नका. प्रोग्रॅम थांबतो पण कार्ड थांबत नाही, आणि बफरमधला शेवटचा तुकडा ‘ट-ट-ट-ट’ करत फिरत राहतो. गेम गोठल्यावर जो आवाज येतो तो हाच.

७. मोठ्या फाइलसाठी रिंग बफर

ठोका, घंटी असे छोटे आवाज पूर्ण मेमरीत ठेवा. पाच मिनिटांचं संगीत मात्र डिस्कवरून थोडं थोडं आणावं लागतं, आणि कॉलबॅकमध्ये डिस्कला हात लावायचा नाही हे आताच ठरलं. म्हणून मध्ये रिंग बफर: एक थ्रेड डीकोड करून लिहितो, कॉलबॅक वाचतो.

आकार दोनच्या घातात घ्या. ६५,५३६ फ्रेम, स्टिरिओ, ३२ बिट फ्लोट म्हणजे बरोबर ५१२ किलोबाइट आणि ४८००० वर साधारण १.३७ सेकंदांचा साठा. घाताचा फायदा असा की गोल फिरणं भागाकाराऐवजी ‘अँड’ या बिटच्या एका क्रियेने होतं. लिहिलेल्या आणि वाचलेल्या फ्रेमची मोजणी मात्र न गुंडाळता (टोकाला पुन्हा शून्यावर न आणता), चढती ठेवा. दोघांची वजाबाकी म्हणजे साठा. मोजणी गुंडाळून ठेवली की दोन्ही आकडे सारखे झाल्यावर बफर रिकामा आहे की भरलेला ते कळत नाही, आणि तो घोळ रात्री दोन वाजता सापडतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी डेटा लिहायचा, मग मोजणी पुढे करायची, आणि मोजणी ॲटॉमिक (अर्धवट किंमत दुसऱ्या थ्रेडला न दिसणारी) हवी: लिहिणाऱ्याने रिलीज, वाचणाऱ्याने ॲक्वायर, या क्रम राखायला सांगणाऱ्या दोन खुणा. साध्या व्हेरिएबलवर इंटेलच्या मशीनमध्ये बरेचदा भागून जातं. एआरएमवर तोच कोड कधीतरी कचरा वाजवतो, कारण तिथला प्रोसेसर लिखाणांचा क्रम जास्त मोकळेपणाने बदलतो. ‘लॅपटॉपवर चालतं, फोनवर फुटतं’ याचं एक कारण हे.

रस्त्याच्या टोकाशी लिखाण दोन तुकड्यांत पडतं: थोडं शेवटी, उरलेलं सुरुवातीला. डायरेक्टसाउंडमध्ये बफर लॉक केल्यावर दोन पॉइंटर आणि दोन लांब्या परत येतात त्या याचसाठी. दुसरा पॉइंटर बहुतेक वेळा रिकामा असतो, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात, आणि दर फेरीला एकदा आवाज तुटतो.

ऐकणाऱ्याने गाणं पुढे सरकवलं तर रिंगमधला जुना सव्वा सेकंद आधी वाजेल. तो टाकून द्यायचा, पण लिहिणाऱ्याने नव्हे. वाचणाऱ्यालाच निरोप द्या की साठा सोड.

८. मिक्सर

मिसळणं म्हणजे बेरीज. एवढंच. पण बेरीज कुठे करता यावर सगळं आहे.

१६ बिटमध्ये २०,००० आणि २०,००० मिळवले तर ४०,००० यायला हवेत. १६ बिटची मर्यादा ३२,७६७. आकडा पलटून −२५,५३६ होतो. लाटेचा माथा एकदम दरीत जातो आणि कानठळ्या बसवणारी कडकड होते. म्हणून बेरीज फ्लोटमध्ये करा आणि शेवटी, एकदाच, −१ ते १ मध्ये दाबा. दाबल्यावरही माथा सपाट होतो, पण सपाट माथा आणि पलटलेला माथा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एडिटरमध्ये दोन्ही उघडून बघाच.

‘दहा आवाज आहेत तर दहाने भागू’ हा मोह टाळा. अकरावा आवाज सुरू झाला की बाकीचे दहा एकदम दबतात, तो संपला की पुन्हा वर येतात. संगीत धापा टाकतंय असं वाटतं. त्यापेक्षा मुख्य गेन (सगळ्या बेरजेला गुणायचा आकडा) सुरुवातीपासूनच ०.५ ठेवा, म्हणजे साधारण ६ डेसिबल मोकळी जागा राहते, आणि शेवटी एक मऊ लिमिटर (मर्यादेजवळचे माथे हळुवार दाबणारा) लावा.

आवाजाच्या सरकपट्टीचा आकडा थेट गेन म्हणून वापरू नका. पट्टी निम्म्यावर आणली तरी ०.५ म्हणजे फक्त ६ डेसिबल कमी, कानाला ते निम्मं वाटत नाही. सगळा बदल मग पट्टीच्या तळाशी कोंबला जातो. पट्टी डेसिबलमध्ये चालवा, निदान आकड्याचा वर्ग तरी घ्या. आणि गेन कधीही एका उडीत बदलू नका. ५ मिलिसेकंदांत, म्हणजे ४८००० वर २४० फ्रेममध्ये, हळूहळू नव्या किमतीला न्या. आवाज मध्येच थांबवतानाही हेच. नाहीतर लाट जिथे असेल तिथे तुटते आणि टिक येते; ही टिक अंडररनची (बफर वेळेत न भरल्याची) समजून लोक बफर वाढवत बसतात.

डावी-उजवीकडे सरकवताना मध्यावर दोन्ही बाजूंना ०.५ दिलं तर आवाज मध्ये आल्यावर खोल गेल्यासारखा वाटतो. ०.७०७ द्या, शक्ती सारखी राहते.

आवाजांची संख्या बांधून घ्या, समजा ३२. तेहेतिसावा आला तर सर्वांत हळू किंवा सर्वांत जुना आवाज त्याच ५ मिलिसेकंदांत विझवून त्याची जागा द्यायची. शिवाय एकच नमुना एकाच क्षणी दोनदा सुरू झाला तर तो ६ डेसिबल मोठा वाजतो. गेममध्ये एका स्फोटात दहा शत्रू गेले की दहा स्फोट एकावर एक चढतात. एका क्षणी एका नमुन्याच्या दोनपेक्षा जास्त प्रती नकोत, असा नियम घाला.

प्रतिध्वनी किंवा फिल्टर लावलात तर आणखी एक विचित्र प्रकार भेटेल: शांतता सुरू झाल्यावर प्रोसेसरवरचा भार वाढतो. विझत जाणारे आकडे इतके बारीक होतात की काही प्रोसेसर त्यांच्यावर रेंगाळतात. असे आकडे शून्य धरण्याची सोय प्रोसेसरमध्येच असते; ऑडिओ थ्रेडच्या सुरुवातीला ती चालू करा.

९. अंडररन होणारच, तेव्हा काय

मोजा. अंडररन झाला की एक आकडा वाढवा. कान थकतो, आकडा थकत नाही. रिंगमध्ये पुरेसा डेटा नसेल तर उरलेल्या जागेत शांतता भरा. ती भरली नाही तर बफरमधला मागचा कचरा पुन्हा वाजतो. अल्सामध्ये अंडररननंतर लिहिणारं फंक्शन चूक परत करतं आणि प्रवाह पुन्हा तयार केल्याशिवाय आवाज येत नाही. परत आलेली किंमत न तपासणाऱ्याचं ॲप त्या क्षणापासून मुकं होतं.

१०. दोन घड्याळं

मायक्रोफोनचा आवाज घेऊन दुसऱ्या डिव्हाइसवर वाजवणार असाल तरच हे वाचा. दोन्हीकडे ४८००० लिहिलेलं असलं तरी प्रत्येकाच्या घड्याळाचा स्फटिक वेगळा. फरक दशलक्षात ५० असला तरी सेकंदाला २.४ फ्रेम, तासाला ८,६४० फ्रेम, म्हणजे ०.१८ सेकंद. मधला बफर हळूहळू भरत किंवा रिकामा होत जातो आणि पाऊण तासाने अचानक फुटतो. पाच मिनिटांच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. साठ्याची पातळी बघत किंचित रीसॅम्पलिंग करत राहणं हा उपाय. व्हिडिओ दाखवत असाल तर चित्राने आवाजाच्या घड्याळामागे चालायचं, आवाजाने चित्रामागे नाही.

११. हेडफोन काढून बघा

वाजत असताना हेडफोन काढा, परत लावा, ब्लूटूथवर जा. डिव्हाइस बदललं की जुना प्रवाह मरू शकतो आणि नवा वेगळ्या रेटने उघडू शकतो. ब्लूटूथ हेडसेटचा मायक्रोफोन सुरू झाला की तो बरेचदा १६,००० किंवा ८,००० वर उतरतो. म्हणजे तिसरी पायरी पुन्हा पहिल्यापासून, आणि मिक्सरमधले आवाज जिथे होते तिथूनच पुढे चालू. हे बांधकाम सुरुवातीलाच करा, नंतर घुसवताना फार त्रास होतो.

मग मंद मशीनवर ॲप लावा, बाजूला ब्राउझर उघडा, मोठी फाइल कॉपीला टाका आणि झोपा. माझ्या ड्रमच्या ॲपने ही परीक्षा पाचव्या रात्री दिली: सकाळी अंडररनचा आकडा शून्य होता, बफर २५६.